झिकोचा दुसरा डाव

बालेवाडीतला पाहुणा

ऑक्टोबर २०१४. इंडियन सुपर लीगचं पहिलंच पर्व सुरू होतं आणि बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात एफसी पुणे सिटीसमोर एफसी गोवा उभा होता. पुण्याच्या संघात फ्रान्सकडून विश्वचषक जिंकलेला दाविद त्रेझेगे होता, ग्रीसकडून २००४ ची युरो स्पर्धा जिंकलेला कोस्तास कात्सुरानिस होता. त्या दोघांनीच गोल केले आणि पुण्याने सामना २-० असा जिंकला. फुटबॉलचा इतिहास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मात्र त्या दिवशीचं सगळ्यात मोठं नाव मैदानात दिसत नव्हतं. ते गोव्याच्या डगआउटमध्ये होतं. एकसष्ट वर्षांचे ते गृहस्थ म्हणजे आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जग त्यांना झिको म्हणून ओळखतं.

पेले आणि मॅराडोना यांच्या दरम्यानच्या काळात जगातला सर्वोत्तम दहा नंबर कोण, या प्रश्नाला अनेकजण झिको हेच उत्तर देतात. असा माणूस वयाच्या साठीनंतर गोव्यात येऊन तीन मोसम मुक्काम करतो, मडगावच्या फातोर्डा मैदानावर आपल्या पोरांना पास कसा द्यायचा ते शिकवतो, ही आपल्या भागाच्या क्रीडाइतिहासातली लहान घटना नव्हे. तरीही मराठीत तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. झिकोच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीवर जगभर पुस्तकं आहेत. या प्रकरणात आपण पाहणार आहोत तो त्याचा दुसरा डाव. मोठा खेळाडू प्रशिक्षक होतो तेव्हा नेमकं काय होतं, आणि तो निघून गेल्यावर मागे काय उरतं, हे समजून घ्यायला त्याच्याइतका चांगला नमुना नाही.

किन्तिनोचा किडकिडीत मुलगा

३ मार्च १९५३ रोजी रिओ दि जानेरोच्या किन्तिनो या उपनगरात झिकोचा जन्म झाला. वडील पोर्तुगालहून आलेले, शिंप्याचा व्यवसाय करणारे आणि फ्लामेंगो क्लबचे निस्सीम चाहते. घरात फुटबॉल इतका मुरलेला की थोरले भाऊ आंतुनेस आणि एदू हे दोघेही व्यावसायिक खेळाडू झाले. धाकटा आर्थर मात्र अंगाने इतका बारीक होता की मोठ्या खेळाडूंसमोर त्याचा निभाव कसा लागणार, अशी शंका सगळ्यांना होती.

१९६७ मध्ये तो फ्लामेंगोच्या मुलांच्या संघात दाखल झाला. क्लबने त्याच्या शरीराकडे एखाद्या प्रकल्पासारखं लक्ष दिलं. त्याचा आहार ठरवला, वजनं उचलण्याचा व्यायाम ठरवला, आणि हा क्रम काही वर्षं नेटाने चालवला. १९७१ मध्ये तो मुख्य संघाकडून खेळला. पुढे फ्लामेंगोसाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले. हे सगळं निसर्गदत्त होतं असं म्हणणं सोपं आहे, पण झिको घडला तो एका क्लबने अनेक वर्षं धीर धरल्यामुळे. ही गोष्ट तो स्वतः कधी विसरला नाही, असं त्याच्या पुढच्या वाटचालीवरून दिसतं.

त्याची फ्री किक जगप्रसिद्ध होती. संघाचा सराव संपला की तो मागे थांबायचा, गोलच्या वरच्या कोपऱ्यात शर्ट टांगायचा आणि पुन्हा पुन्हा चेंडू तिथे मारत राहायचा. फ्री किकच्या वेळी समोरच्या खेळाडूंची भिंत ९.१५ मीटरवर उभी असते. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला पाहिजे आणि लगेच खाली उतरून गोलच्या आडव्या दांड्याखाली शिरला पाहिजे. त्यासाठी पावलाच्या आतल्या बाजूने चेंडूला फिरकी द्यावी लागते. फिरत्या चेंडूच्या एका बाजूने हवा वेगाने वाहते, दुसऱ्या बाजूने मंद, आणि दाबातल्या या फरकामुळे चेंडू हवेतच वळतो. विज्ञान एवढंच आहे. पण अंतर, भिंतीची उंची आणि गोलरक्षकाची जागा पाहून ती फिरकी क्षणात ठरवणं हे हजारो फटक्यांनंतरच जमतं.

१९८० ते १९८३ या काळात फ्लामेंगोने तीनदा ब्राझीलचं विजेतेपद मिळवलं. १९८१ हे तर सोन्याचं वर्ष ठरलं. दक्षिण अमेरिकेतली सर्वोच्च क्लब स्पर्धा कोपा लिबेर्तादोरेस. तिच्या अंतिम फेरीत चिलीच्या कोब्रेलोआशी तीन सामने झाले. त्यांत फ्लामेंगोने एकूण चार गोल केले आणि चारही झिकोचे होते. त्याच वर्षी १३ डिसेंबरला टोकियोत फ्लामेंगोने इंग्लंडच्या लिव्हरपूलला ३-० असं हरवून इंटरकॉन्टिनेंटल कप जिंकला. जपानी प्रेक्षकांच्या मनात झिको हे नाव पक्कं रुजलं ते त्या दिवशी.

जिंकत असताना थांबायचं नाही

विश्वचषक मात्र त्याला मिळाला नाही. १९८२ चा ब्राझील संघ आजही सर्वांत देखणा पराभूत संघ मानला जातो. सॉक्रेटिस, फाल्काव, सेरेझो आणि झिको अशी मधली फळी होती आणि प्रशिक्षक तेले सांताना होते. ५ जुलै १९८२ रोजी बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर इटलीविरुद्ध बरोबरी झाली असती तरी ब्राझील उपांत्य फेरीत पोहोचला असता. सामना २-२ असा असताना कुठल्याही सावध संघाने माणसं मागे घेतली असती. ब्राझील पुढेच जात राहिला. पावलो रोसीने तिसरा गोल केला आणि ब्राझील ३-२ असा हरून स्पर्धेबाहेर गेला.

१९८६ मध्ये झिको दुखऱ्या गुडघ्यासह मेक्सिकोला गेला. आधल्या वर्षी एका सामन्यात झालेल्या क्रूर टॅकलने त्याचा गुडघा खिळखिळा केला होता. फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात तो बदली खेळाडू म्हणून उतरला आणि उतरताच त्याच्या सुरेख पासमुळे ब्राझीलला पेनल्टी मिळाली. ती त्यानेच घेतली आणि गोलरक्षक जोएल बात्सने अडवली. शूटआउटमध्ये त्याने गोल केला, पण ब्राझील हरला. राष्ट्रीय संघाकडून ७१ सामन्यांत ४८ गोल करणाऱ्या माणसाच्या नावापुढे ती एक पेनल्टी कायमची चिकटली.

सारियाचा तो सामना लक्षात ठेवायला हवा. आघाडी किंवा बरोबरी हातात असतानाही खेळ गोठवायचा नाही, ही त्या संघाची वृत्ती होती. झिको पुढे प्रशिक्षक झाला तेव्हा ही वृत्ती त्याच्याबरोबर गेली. तिने त्याला प्रेम मिळवून दिलं आणि मोठे पराभवही.

काशिमा: क्लब म्हणजे काय ते शिकवणारा माणूस

खेळणं थांबवल्यावर झिको १९९० मध्ये ब्राझील सरकारचा क्रीडासचिव झाला. खेळाडू क्लबच्या मालकीचा असल्यासारखे जे नियम होते, ते सैल करणाऱ्या कायद्याची पायाभरणी त्याने केली. १९९३ चा तो कायदा ब्राझीलमध्ये त्याच्याच नावाने ओळखला जातो.

१९९१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, तो पुन्हा खेळायला जपानला गेला तेव्हा अनेकांना हा निर्णय विचित्र वाटला. तो ज्या सुमितोमो मेटल्स संघात गेला, तो एका पोलाद कारखान्याचा संघ होता आणि दुसऱ्या श्रेणीत खेळायचा. काशिमा हे पूर्व किनाऱ्यावरचं छोटं कारखानदारी गाव. जपानमध्ये व्यावसायिक जे-लीग सुरू होणार होती आणि काशिमालाही तिच्यात जागा हवी होती. लीगचे प्रमुख साबुरो कावाबुची यांनी हे जवळजवळ अशक्य आहे असं सांगितलं आणि एक अट घातली: पंधरा हजार प्रेक्षकांचं, छप्पर असलेलं मैदान बांधा. त्या भागातल्या प्रशासनाने खरोखरच ते बांधलं.

मैदान उभं राहिलं, पण खेळाडूंच्या डोक्यात अजून कारखान्याची शिफ्ट होती. संध्याकाळी सराव, सकाळी नोकरी, हरलो तर हरलो. झिकोने त्यांना व्यावसायिक खेळाडू कसा जगतो ते दाखवलं. सरावाला वेळेवर यायचं, आहार सांभाळायचा, हरल्यावर चिडायचं आणि जिंकल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर उभं राहायचं. समर्पण, प्रामाणिकपणा आणि आदर ही तीन तत्त्वं त्याने रुजवली आणि क्लब आजही ती आपली मूल्यं म्हणून सांगतो.

१६ मे १९९३ रोजी काशिमा अँटलर्सचा जे-लीगमधला पहिला सामना झाला. नागोया ग्राम्पस एट विरुद्ध निकाल ५-० लागला आणि चाळीस वर्षांच्या झिकोने हॅटट्रिक केली. पण खरी कामगिरी नंतरची आहे. त्याच्यामागे ब्राझीलच्या १९९४ च्या विश्वविजेत्या संघातले लिओनार्दो आणि जोर्जिन्यो काशिमाला आले, एकामागून एक ब्राझिलियन प्रशिक्षक आले. १९९६ ते २०१६ या वीस वर्षांत या छोट्या गावाच्या क्लबने आठ वेळा जे-लीग जिंकली. २०१६ च्या क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी रिआल माद्रिदला अतिरिक्त वेळेपर्यंत झुंजवलं. २०१८ मध्ये झिको तांत्रिक संचालक म्हणून परत आला आणि त्याच वर्षी काशिमाने आशियाई चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली. काशिमा मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे.

जपान, तुर्कस्तान आणि प्रवास

२००२ मध्ये झिको जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या आधीचे फ्रेंच प्रशिक्षक फिलिप त्रुसिए यांची पद्धत कडक होती. कोण कुठे उभा राहील हे मीटरमध्ये ठरलेलं असायचं. झिकोने उलटी वाट धरली. खेळाडूंनी मैदानावर स्वतः विचार करावा, चेंडूशी मोकळेपणाने खेळावं, असं त्याचं म्हणणं होतं. नाकामुरा, नाकाता, ओनो यांच्यासारखे कुशल खेळाडू त्याच्या हाताशी होते.

२००४ चा आशिया कप जपानने याच मोकळ्या पद्धतीच्या जोरावर जिंकला. उपांत्यपूर्व फेरीत जॉर्डनविरुद्धच्या शूटआउटमध्ये जपान जवळजवळ बाहेर गेला होता, तिथून परत आला. उपांत्य सामन्यात बहरीनला अतिरिक्त वेळेत ४-३ असं हरवलं आणि अंतिम सामन्यात यजमान चीनला बीजिंगमध्ये ३-१ असं. २००६ च्या विश्वचषकासाठी पात्रता फेरीतून सर्वांत आधी जागा पक्की करणारा संघही जपानच होता.

मग जर्मनीतला पहिला सामना आला. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपान ८४ व्या मिनिटापर्यंत १-० असा पुढे होता. आघाडी राखायची वेळ होती. झिकोने आघाडीवीराला बाहेर काढून शिंजी ओनोला उतरवलं. ओनो चेंडू खेळवणारा खेळाडू, भिंत बांधणारा नव्हे. शेवटच्या आठ-नऊ मिनिटांत ऑस्ट्रेलियाने तीन गोल केले. जपान त्या गटातून पुढे गेला नाही.

तुर्कस्तानात मात्र हीच पद्धत फळाला आली. २००७ मध्ये, क्लबच्या शताब्दी वर्षात, फेनेरबाहचेने लीग जिंकली. पुढच्या मोसमात त्यांनी सेव्हिलाला शूटआउटमध्ये हरवून चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत पहिल्यांदाच प्रवेश केला आणि तिथे चेल्सीला घरच्या मैदानावर २-१ असं हरवलं, जरी दुसऱ्या सामन्यात ते मागे पडले. त्या संघात रोबेर्तो कार्लोस होता. त्याचं नाव पुढे पुन्हा येईल.

त्यानंतरची वर्षं धावपळीची होती. उझबेकिस्तानचा बुन्योदकोर, मॉस्कोचा सीएसकेए, ग्रीसचा ऑलिम्पियाकोस, इराकचा राष्ट्रीय संघ, कतारचा अल घराफा. बुन्योदकोर आणि सीएसकेएमध्ये करंडक मिळाले, पण कुठेही दीर्घ मुक्काम झाला नाही. काशिमात जे झालं ते इथे का झालं नाही, याचं उत्तर सोपं आहे. काशिमात त्याला वर्षं मिळाली होती. इथे महिने मिळाले.

गोव्यात तीन मोसम

२०१४ मध्ये भारतात इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि गोव्याच्या संघाने झिकोला बोलावलं. हा योग जुळणं स्वाभाविक होतं. पोर्तुगीज वारसा असलेला, ब्राझीलवर जीव टाकणारा गोवा आणि पोर्तुगीज बापाचा ब्राझिलियन मुलगा. गोव्यात फुटबॉल हा चर्चच्या मैदानापासून गावच्या वाड्यापर्यंत रुजलेला खेळ. धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स आणि स्पोर्टिंग या क्लबांनी तिथल्या पिढ्या घडवल्या होत्या. झिको कोऱ्या पाटीवर लिहायला आला नव्हता.

सुरुवात मात्र वाईट झाली. घरच्या पहिल्या सामन्यात चेन्नईयिनने गोव्याला २-१ असं हरवलं. त्यातला एक गोल ब्राझीलच्याच एलानोच्या फ्री किकवर झाला. त्यानंतर लवकरच बालेवाडीत पुण्याने हरवलं. या टप्प्यावर बरेच प्रशिक्षक संघ उलटापालटा करतात. झिकोने स्थानिक मुलांवर भरवसा कायम ठेवला. रोमिओ फर्नांडिस आणि मंदार राव देसाई हे गोव्याचे दोन तरुण कडेने धावू लागले, संघ लयीत आला आणि साखळीत दुसरा राहिला. उपांत्य फेरीत कोलकात्याविरुद्ध दोन्ही सामने गोलशून्य राहिले आणि गोवा शूटआउटमध्ये हरला.

२०१५ मध्ये संघात ब्राझीलचा विश्वविजेता बचावपटू लुसिओ आला, लेओ मौरा आला, आणि मधल्या फळीत जोनातान लुका हा तरुण आला. गोवा साखळीत पहिला आला. १७ नोव्हेंबरला फातोर्ड्यात मुंबई सिटीला ७-० असं धुतलं. दुदू ओमाग्बेमी आणि थाँगखोसिएम हाओकिप या दोघांनी हॅटट्रिक केल्या. मणिपूरच्या एका तरुणाने नायजेरियाच्या अनुभवी आघाडीवीराच्या खांद्याला खांदा लावून तीन गोल करावेत, हे भारतीय फुटबॉलसाठी सुखाचं दृश्य होतं.

उपांत्य फेरीत समोर दिल्ली डायनामोज होता आणि त्याचा प्रशिक्षक होता रोबेर्तो कार्लोस, फेनेरबाहचेत झिकोच्या हाताखाली खेळलेला. दिल्लीत गोवा १-० असा हरला, फातोर्ड्यात ३-० असा जिंकला. दोन ब्राझिलियन दिग्गजांची ही गाठ मडगावच्या लोकांना घरबसल्या पाहायला मिळाली.

फातोर्डा, ८७ वं मिनिट

२० डिसेंबर २०१५. अंतिम सामना घरच्याच मैदानावर. समोर पुन्हा चेन्नईयिन. चेन्नईने ५४ व्या मिनिटाला गोल केला, चारच मिनिटांत हाओकिपने बरोबरी साधली. ८७ व्या मिनिटाला स्पॅनिश जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि गोवा २-१ असा पुढे गेला. फातोर्डा उसळलं. करंडक तीन-चार मिनिटांवर होता.

त्या तीन-चार मिनिटांत काय झालं ते गोवेकर अजून सांगतात. ९० व्या मिनिटाला गोलसमोरच्या गोंधळात गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनीच्या हातून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला. भरपाई वेळेत कोलंबियाच्या स्टिव्हन मेंडोझाने तिसरा गोल केला. चेन्नई ३-२.

सारियामध्ये ३-२. फातोर्ड्यात ३-२. मध्ये जर्मनीतल्या कैझर्सलाउटर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्धची ती शेवटची मिनिटं. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. झिकोच्या संघांना गोल करायला शिकवलेलं असायचं. सामना मारून टाकायला, वेळ खायला, चेंडू कोपऱ्यात नेऊन ठेवायला शिकवलेलं नसायचं. प्रशिक्षक म्हणून ही उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे. मोठा खेळाडू आपल्या नजरेने खेळ पाहतो. त्याला जे दिसतं ते सामान्य खेळाडूला दिसत नाही, आणि जे सामान्य संघाला तगून राहायला लागतं ते त्याला कधी लागलेलंच नसतं.

त्या सामन्यानंतर मैदानावर वादावादी झाली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. क्लबला दंड झाला, गुण वजा करण्याचीही शिक्षा झाली. ती पुढे अपिलात मागे घेतली गेली, पण २०१६ चा मोसम या सावलीत सुरू झाला. गोवा शेवटचा राहिला. शेवटच्या साखळी सामन्यात चेन्नईला ५-४ असं हरवून त्यांनी निरोप घेतला आणि २०१७ च्या सुरुवातीला झिको आणि गोवा वेगळे झाले.

हिशेब मांडला तर तीन मोसम, एक उपांत्य फेरी, एक अंतिम फेरी, एक तळ. करंडक शून्य. पण लीगचा मोसम तेव्हा अडीच-तीन महिन्यांचा असायचा, हे विसरून चालणार नाही. सामने संपले की भारतीय खेळाडू आय-लीग या जुन्या राष्ट्रीय लीगमधल्या आपापल्या क्लबांकडे परतायचे आणि पुढच्या वर्षी नव्याने मोट बांधावी लागायची. काशिमात जे वर्षानुवर्षं रोज करता आलं, ते इथे वर्षातून काही आठवडे करायचं होतं.

मागे काय राहिलं

रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको पारानाएन्सेकडे गेला आणि दक्षिण अमेरिकेत व्यावसायिक सामना खेळणारा पहिला भारतीय ठरला. मंदार राव देसाई विंगर होता, पुढे डावा बचावपटू झाला, गोवा आणि मुंबईकडून इंडियन सुपर लीगचे शंभराहून अधिक सामने खेळला. जोनातान लुका तर पुण्यात आला. मार्च २०१८ मध्ये बंगळुरूविरुद्धच्या उपांत्य फेरीत पुण्याचा एकमेव गोल त्याचाच होता, आणि तो फ्री किकवरचा होता.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोव्याचा क्लब टिकला. नवे स्पॅनिश प्रशिक्षक सेर्जिओ लोबेरा आले, त्यांनी चेंडू खेळवणारी शैली पुढे नेली. २०१९ मध्ये सुपर कप आला, २०१९-२० मध्ये साखळीतलं पहिलं स्थान आणि लीग शील्ड आली, आणि २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब एफसी गोवा ठरला. झिकोने या करंडकांवर सही केलेली नाही. पण गोव्याचा संघ आक्रमकच खेळणार, ही अपेक्षा त्याच्या काळात रुजली आणि नंतरच्या प्रशिक्षकांनी ती पाळली.

पुण्याचा हिशेब

आता पुण्याकडे पाहू. या शहरात गुणवत्तेची आणि चांगल्या माणसांची कमतरता कधीच नव्हती. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पुणे एफसीची सूत्रं भारताचे माजी बचावपटू, गोव्याचे डेरेक परेरा यांनी चार मोसम सांभाळली. २०१२-१३ मध्ये त्यांच्या हाताखाली पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला. खेळाडूचा प्रशिक्षक झालेल्या माणसाला वेळ दिला तर काय होतं, याचं हे पुण्यातलंच उदाहरण आहे. क्लबच्या अकादमीने आशिक कुरुनियनसारखे खेळाडू दिले. २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला.

एफसी पुणे सिटीने अकादमी पुढे चालवली. पण मुख्य संघात दर मोसमाला नवा प्रशिक्षक आला: इटलीचे कोलोम्बा, इंग्लंडचे प्लॅट, स्पेनचे हबास, सर्बियाचे पोपोविच. २०१८ च्या उन्हाळ्यात ब्राझीलचे मार्कोस पाकेता यांचं नाव जाहीर झालं, पण एकही सामना न होता ते मायदेशी परतले. मग त्या एकाच मोसमात स्पेनचे पोर्तुगाल आणि इंग्लंडचे ब्राउन. पोपोविच यांच्या मोसमात उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो आणि ब्राझीलचा मार्सेलिन्यो या जोडीने पुण्याला पहिल्यांदा उपांत्य फेरीत नेलं. बालेवाडीने पाहिलेला तो सर्वांत चांगला फुटबॉल होता. २०१९ मध्ये हा क्लबही बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. अल्फारो पुढे मोंतेविदेओच्या लिव्हरपूल क्लबचा प्रशिक्षक झाला. त्याचे पुण्यातले चाहते दूरवरून त्याचा अभिमान बाळगू शकतात, पण त्याने ज्या क्लबसाठी गोल केले तो क्लब आता नाही.

संस्था टिकवणं पुण्याला परकं नाही, कारण कुस्तीत याच शहराने उलटी गोष्ट करून दाखवली आहे. १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारे हरिश्चंद्र बिराजदार मामा मोठे मल्ल होते आणि मग गोकुळ वस्ताद तालमीत ते तितकेच मोठे वस्ताद झाले. त्यांच्या हाताखाली राहुल आवारे घडला. मामा गेल्यावर त्याने काका पवारांच्या मार्गदर्शनाखाली तयारी चालू ठेवली आणि २०१८ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेचं सुवर्ण आणलं. वस्ताद गेला तरी तालीम राहिली, परंपरा राहिली, म्हणून मुलाचं काम थांबलं नाही.

झिकोच्या दुसऱ्या डावाचा निष्कर्ष मला हाच वाटतो. प्रशिक्षक म्हणून तो खेळाडूइतका मोठा नव्हता. शेवटची दहा मिनिटं सांभाळणं त्याला शेवटपर्यंत साधलं नाही. पण जिथे संस्था होती तिथे त्याने लावलेलं रोप झाड झालं. काशिमात सर्वाधिक, गोव्यात काही प्रमाणात. मोठं नाव आणून संघ उभा राहत नाही; मोठ्या नावाने शिकवलेलं साठवून ठेवणारी जागा आधी लागते. मैदान, अकादमी, परवानाधारक स्थानिक प्रशिक्षक आणि दहा वर्षं धीर धरणारे मालक, या चार गोष्टी ती जागा तयार करतात.

पुण्यात आजही जिल्हा संघटनेची लीग चालते, शाळांच्या स्पर्धा होतात, बालेवाडीतल्या क्रीडाप्रबोधिनीतून कोल्हापूरच्या अनिकेत जाधवसारखी मुलं पुढे येतात. अनिकेत २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. मुलं आहेत, खेळ आहे. उणीव आहे ती टिकणाऱ्या क्लबची. पुढच्या वेळी कुणी परदेशी दिग्गजाला पुण्यात आणायचं जाहीर करेल, तेव्हा वाचकांनी त्याला एवढंच विचारावं: तुमची अकादमी कुठे आहे, आणि दहा वर्षांनी ती असेल का? आणि तोवर रविवारी आपल्या भागातल्या मैदानावर जाऊन एक सामना पाहावा. क्लब टिकतात ते रविवारच्या प्रेक्षकांवर.